जेम्स वेब अवकाश दुर्बीण आणि पाहून ठरविण्याची रीत

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी धम्म, चळवळ, शिक्षण, आरक्षण आणि सामाजिक प्रश्न यांवर लेख असतात आणि ते असलेच पाहिजेत. यंदा आम्ही एका दुर्बिणीविषयी लिहीत आहोत. विषय ठरला तेव्हा काही ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "धम्माच्या स्मरणिकेत दुर्बिणीचे काय काम?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देण्याचा आमचा विचार नाही. परंतु आधी ती दुर्बीण काय आहे हे समजून घेऊ, म्हणजे पुढची चर्चा हवेत राहणार नाही. लेख मुख्यतः आठवी ते बारावीच्या विद्यार्थी-विद्यार्थिनींसाठी आहे. वडीलधाऱ्यांनीही तो त्यांच्या शेजारी बसून वाचावा अशी आमची इच्छा आहे.

२५ डिसेंबर २०२१ रोजी, भारतीय वेळेनुसार सायंकाळी ५ वाजून ५० मिनिटांनी, दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयाना या प्रदेशातील कुरू येथून एरियन-५ या अग्निबाणाने जेम्स वेब अवकाश दुर्बीण घेऊन उड्डाण केले. अमेरिकेची नासा, युरोपीय अवकाश संस्था आणि कॅनडाची अवकाश संस्था यांनी मिळून ती उभी केली आहे. या दुर्बिणीची पहिली कल्पना १९८९ साली मांडली गेली, म्हणजे विचारापासून उड्डाणापर्यंत बत्तीस वर्षे गेली. ज्यांनी तरुणपणी या कामाला हात घातला, त्यांतील कित्येक जण उड्डाणाच्या दिवशी निवृत्त झालेले होते.

प्रकाश म्हणजे जुने पत्र

पूर्वी गावाहून पत्र येई, त्यात आईची तब्येत बरी असल्याचे लिहिलेले असे. पण ते पत्र टाकून आठ दिवस झालेले असत. म्हणजे आपल्याला कळत होती ती आठ दिवसांपूर्वीची खुशाली. आकाशातून येणाऱ्या प्रकाशाचेही असेच आहे. प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो. तरीही सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला आठ मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षे दूर आहे. देवयानी दीर्घिका, जी अंधाऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांनी पुसट ठिपक्यासारखी दिसते, तिचा आज दिसणारा प्रकाश सुमारे पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे. तेव्हा पृथ्वीवर आजचा माणूस जन्मालाही आला नव्हता.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. जितके दूर पाहावे तितके जुने दिसते. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे मानले जाते. पहिले तारे आणि पहिल्या दीर्घिका कशा घडल्या हे पाहायचे असेल, तर तेराशे कोटी वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश टिपला पाहिजे. अडचण अशी, की हा प्रकाश वाटेत बदलतो. एडविन हबल या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने १९२९ साली निरीक्षणांच्या आधारे दाखवून दिले, की दीर्घिका जितकी दूर तितकी ती वेगाने आपल्यापासून लांब जात आहे. विश्व प्रसरण पावत आहे आणि त्या प्रसरणाबरोबर प्रकाशाच्या लहरीही ताणल्या जातात. निघताना जो प्रकाश निळसर किंवा त्याहूनही तीव्र होता, तो आपल्यापर्यंत येईतो तांबड्याच्याही पलीकडे जातो. त्याला अवरक्त किरण म्हणतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. चुलीवरचा तापलेला तवा काळाच दिसतो, पण हात जवळ नेला की धग लागते; ती धग म्हणजे मुख्यतः अवरक्त किरणच.

जेम्स वेब ही प्रामुख्याने अवरक्त किरणांची दुर्बीण आहे. पृथ्वीच्या हवेतील बाष्प यांतील बराचसा भाग गिळून टाकते, म्हणून तिला अवकाशात पाठवावे लागले. आणखी एक कारण आहे. कोणतीही उबदार वस्तू स्वतःच अवरक्त किरण सोडते. दुर्बीण उबदार असेल तर ती स्वतःच्याच उजेडाने दिपून जाईल. गॅसबत्ती हातात धरून कोणी आकाशातले बारीक तारे शोधू लागला तर जे होईल, तेच. म्हणून दुर्बीण अतिशय थंड ठेवणे आवश्यक होते.

त्यासाठी तिला पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर दूर, सूर्याच्या विरुद्ध दिशेला ठेवले आहे. चंद्राच्या अंतराच्या जवळजवळ चौपट अंतर झाले हे. या जागेला दुसरा लाग्रांज बिंदू म्हणतात. तेथे सूर्य आणि पृथ्वी यांच्या गुरुत्वाकर्षणाचा मेळ असा बसतो, की वस्तू पृथ्वीच्या बरोबरीने सूर्याभोवती फिरत राहते. तेथून पाहिले तर सूर्य, पृथ्वी आणि चंद्र हे तिन्ही एकाच बाजूला राहतात, त्यामुळे एकच पडदा लावून तिघांची उष्णता अडवता येते. हा पडदा पाच थरांचा आहे. टेनिसच्या मैदानाएवढा मोठा, आणि प्रत्येक थर मात्र कागदाहून पातळ. थरांमधल्या मोकळ्या जागेतून उष्णता बाजूला निघून जाते. पडद्याची सूर्याकडची बाजू उकळत्या पाण्याच्या जवळपास तापते, तर पलीकडची बाजू शून्याखाली सुमारे २३० अंश सेल्सियस इतकी गार असते. एका उपकरणाला एवढी थंडीही पुरत नाही, म्हणून शीतयंत्र लावून ते शून्याखाली २६६ अंशांपर्यंत नेले आहे. या उपकरणाच्या कामात अमेरिकेतील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या वतीने प्रकल्प व्यवस्थापकाची जबाबदारी कल्याणी सुखात्मे यांनी सांभाळली. त्या मुंबईत वाढल्या आणि मुंबईच्याच आय.आय.टी.त शिकल्या, हे आमच्या विद्यार्थिनींनी ध्यानात ठेवावे.

दुर्बिणीचा मुख्य आरसा साडेसहा मीटर रुंदीचा, म्हणजे सुमारे एकवीस फूट. एवढा आरसा अग्निबाणाच्या टोकात मावेना. म्हणून तो बेरिलियम या हलक्या धातूच्या अठरा षट्कोनी तुकड्यांचा केला आणि घडी घालून पाठविला. वर सोन्याचा लेप आहे, कारण सोने अवरक्त किरण उत्तम परावर्तित करते. सोने किती लागले असेल? जेमतेम चार-पाच तोळे. लेप इतका पातळ आहे, की आपल्याकडे एखाद्या लग्नात अंगावर याहून जास्त सोने दिसते!

ज्याची दुरुस्ती करता येणार नाही

या दुर्बिणीचे महत्त्व समजायचे तर तिच्या आधीच्या हबल दुर्बिणीची हकीकत माहीत असावी. आमच्या मते विद्यार्थ्यांना या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती हीच ठेवावी.

हबल दुर्बीण एप्रिल १९९० मध्ये अवकाशात गेली. पहिली छायाचित्रे आली ती धूसर. तपास झाला तेव्हा आढळले, की मुख्य आरशाचा आकार कडेला केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या भागाएवढा चुकला आहे. आरसा घासणारे कारागीर निष्काळजी नव्हते. त्यांनी तो मोजमापाप्रमाणे अगदी अचूक घासला होता. चूक मापनयंत्रातच होती. त्यातील एक भिंग १.३ मिलिमीटरने सरकलेले होते. आणखी पुढची गोष्ट अशी, की दुसऱ्या दोन साध्या उपकरणांनी ही चूक त्याच वेळी दाखविली होती. परंतु मुख्य यंत्र हे श्रेष्ठ, त्याचा शब्द प्रमाण, आणि बाकीची उपकरणे कमी प्रतीची, असे धरून त्यांची साक्ष बाजूला सारली गेली. साधने अमेरिकन होती, शिकलेली माणसे होती, तरीही 'मोठ्याने सांगितले म्हणजे खरे' या सवयीने घात केला. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी प्रत्यक्ष जाऊन दुरुस्ती केली आणि हबलने त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ अपूर्व काम केले.

हबल पृथ्वीपासून पाच-सव्वापाचशे किलोमीटरवर फिरते, म्हणून तेथे माणूस जाऊ शकला. पंधरा लाख किलोमीटरवर कोण जाणार? वेबच्या घड्या उलगडताना ३४४ ठिकाणे अशी होती, की त्यांपैकी एकही अडले असते तर सगळे काम धोक्यात आले असते. म्हणून पृथ्वीवर तपासण्या, फेरतपासण्या आणि पुन्हा तपासण्या चालल्या. त्यात वर्षे गेली, खर्च वाढला. सुरुवातीच्या अंदाजांपेक्षा तो कितीतरी पट होऊन अखेर सुमारे दहा अब्ज डॉलरवर गेला. २०११ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या एका समितीने प्रकल्प रद्द करण्याचाच प्रस्ताव आणला होता. तो टळला. जानेवारी २०२२ च्या पहिल्या आठवड्यात पडदा ताणला गेला, ८ जानेवारीला आरसा पूर्ण उघडला आणि २४ जानेवारीला दुर्बीण ठरल्या जागी पोहोचली. ३४४ पैकी एकही जागा अडली नाही.

नावाविषयी दोन शब्द. जेम्स वेब हे शास्त्रज्ञ नव्हते. १९६१ ते १९६८ या काळात ते नासाचे प्रमुख प्रशासक होते. त्यांच्या कार्यकाळाच्या सुमारास अमेरिकन सरकारी खात्यांत समलिंगी कर्मचाऱ्यांना शोधून नोकरीवरून काढले जात असे, म्हणून हे नाव बदलावे अशी मागणी शेकडो खगोलशास्त्रज्ञांनी केली. नासाने चौकशी करून वेब यांचा त्यात थेट हात असल्याचा पुरावा नाही असे सांगितले आणि नाव कायम ठेवले. अनेकांचे त्याने समाधान झाले नाही. संस्थांना आणि वास्तूंना कोणाची नावे द्यावीत यावर नामांतराच्या लढ्यातून गेलेल्या आपल्या समाजाला वेगळे सांगणे नको.

काय दिसले आणि काय दिसले असे म्हटले गेले

११ आणि १२ जुलै २०२२ रोजी पहिली छायाचित्रे प्रसिद्ध झाली. त्यांतल्या पहिल्या चित्रात आकाशाचा जो तुकडा आहे, तो हात लांब करून धरलेल्या वाळूच्या एका कणाने झाकला जाईल एवढाच. त्यात हजारो दीर्घिका आहेत. प्रत्येक दीर्घिकेत अब्जावधी तारे. त्यानंतर आणखी दूरच्या दीर्घिका सापडत गेल्या. २०२५ मध्ये नोंदविलेल्या एका दीर्घिकेचा प्रकाश महास्फोटानंतर अवघ्या २८ कोटी वर्षांनी निघालेला आहे. इतक्या लवकर इतक्या तेजस्वी दीर्घिका कशा तयार झाल्या, हे कोडे शास्त्रज्ञांना आजही पुरते सुटलेले नाही. काही वृत्तपत्रांनी मात्र लगेच 'महास्फोटाचा सिद्धांत कोसळला' असे मथळे दिले. तसे काही झालेले नाही. दीर्घिका घडण्याच्या वेगाविषयीच्या आपल्या कल्पना सुधाराव्या लागत आहेत, एवढेच म्हणता येते.

याहून बोधप्रद गोष्ट के२-१८ बी या ग्रहाची आहे. हा ग्रह आपल्यापासून सुमारे १२४ प्रकाशवर्षे दूर, दुसऱ्या एका ताऱ्याभोवती फिरतो. तो ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या वातावरणातून गाळून येतो आणि वातावरणातला प्रत्येक वायू त्या प्रकाशाच्या वर्णपटात आपली खूण सोडतो. या रीतीने २०२३ मध्ये तेथे मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड आढळले. एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील निक्कू मधुसूदन यांच्या गटाने जाहीर केले, की तेथे डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याच जातीच्या वायूची चिन्हे दिसतात. मधुसूदन हे भारतात जन्मलेले आणि वाराणसीच्या तंत्रशास्त्र संस्थेत शिकलेले. हा वायू पृथ्वीवर मुख्यतः समुद्रातील सूक्ष्म वनस्पती तयार करतात. झाले! 'परग्रहावर जीवसृष्टी सापडली' म्हणून जगभर गाजावाजा झाला.

त्या गटाने स्वतः काय म्हटले होते? असा संकेत निव्वळ योगायोगाने मिळण्याची शक्यता हजारात तीन आहे. आपल्याला वाटेल, मग झालेच की सिद्ध! पण विज्ञानात एवढ्यावर शोध मान्य करीत नाहीत. शक्यता लाखांत एकाहूनही खाली जावी लागते. शिवाय तीच निरीक्षणे घेऊन दुसऱ्या गटांनी स्वतंत्रपणे आकडेमोड केली, तेव्हा त्यांना या वायूचा भक्कम पुरावा आढळला नाही. आणि हाच वायू एका धूमकेतूवरही सापडलेला आहे, जिथे सजीव असण्याचा प्रश्न येत नाही. म्हणजे वायू आहे की नाही हे ठरायचे आहे, आणि असला तरी तो सजीवांनीच केला हेही ठरायचे आहे.

येथे आम्हांस परमपूज्य बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाची आठवण होते. बुद्धवचन कोणते मानावे, यासाठी बाबासाहेबांनी त्यात कसोट्या दिल्या आहेत. जे बुद्धिसंगत नाही ते बुद्धाचे नव्हे. ज्याचा मानवाच्या कल्याणाशी संबंध नाही त्याच्या चर्चेत बुद्ध पडत नसत. आणि तिसरी कसोटी अशी, की तथागतांनी विषयांचे दोन वर्ग केले होते: ज्यांविषयी त्यांना निश्चिती होती ते आणि ज्यांविषयी निश्चिती नव्हती ते. दुसऱ्या वर्गातील मते त्यांनी तात्पुरती म्हणूनच मांडली. पहिल्या दोन कसोट्या आपल्या भाषणांतून वारंवार येतात, तिसरी फारशी येत नाही. आमच्या मते विद्यार्थ्यांच्या रोजच्या उपयोगाची तीच आहे. के२-१८ बी ची बातमी वाचताना तिचा वर्ग कोणता, एवढे विचारले तरी पुष्कळ झाले.

आपल्याच महाराष्ट्रातले एक उदाहरण देतो. २००८ साली पुण्यात डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मकुंडल्या गोळा केल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस कुंडल्या देऊन विचारले, कोणती हुशार मुलाची आणि कोणती मतिमंद मुलाची ते सांगा. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठविली. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण ४६ टक्के. नाणे उडवून सांगितले असते तरी पन्नास टक्के बरोबर आले असते! दूरच्या ग्रहावरील वायूविषयी केंब्रिजच्या शास्त्रज्ञाला जो प्रश्न विचारला जातो, तोच कुंडलीवाल्याला विचारला गेला. एकाने आपली निरीक्षणे इतरांपुढे ठेवली. दुसऱ्यांचा धंदा चाचणीनंतरही जसाच्या तसा चालू राहिला. डॉ. दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. डॉ. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्यांनी स्वतः महास्फोट सिद्धांताला अनेक वर्षे पर्याय मांडला. बहुतेकांना तो पटला नाही, पण कोणी त्यांना वाळीत टाकले नाही. आकाशात मंगळ, शनी पाहणाऱ्या दुर्बिणी वाढत आहेत आणि बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या काही घरांतही लग्न ठरविताना हळूच पत्रिका काढली जाते, हे आम्ही पाहिलेले आहे.

तथागतांचे मौन

आता ज्येष्ठांच्या प्रश्नाकडे वळू. अभ्यासवर्गात दोन प्रकारची मते ऐकू येतात.

पहिले मत असे, की मालुंक्यपुत्ताने जग शाश्वत आहे की अशाश्वत, सान्त आहे की अनंत, हे विचारले तेव्हा तथागतांनी उत्तर दिले नाही; मग आपण या फंदात का पडावे? मज्झिम निकायातील ही कथा सर्वांना ठाऊक आहे. विषारी बाण लागलेला माणूस जर म्हणू लागला, की बाण मारणारा कोण, कोणत्या कुळाचा, धनुष्य कशाचे, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही, तर तो तसाच मरेल. आमच्या समजुतीप्रमाणे या कथेत जिज्ञासेला मनाई नाही. दुःखनिवारणाचे काम त्या उत्तरावर अडवून ठेवू नका, एवढेच सांगणे आहे. मालुंक्यपुत्त उत्तर मिळाल्याशिवाय धम्माचरण करणार नाही असे म्हणत होता. दुर्बिणीतून पाहणारा विद्यार्थी तशी अट घालीत नाही. शिवाय त्या काळी या प्रश्नांवर वाद घालणाऱ्यांजवळ पाहण्याचे साधन नव्हते. एकमेकांचे दावे तेवढे होते. ज्याची तपासणी करता येत नाही त्यावर मौन, आणि ज्याची करता येते त्याबाबत 'या आणि पाहा', यांत आम्हांस विरोध दिसत नाही.

दुसरे मत याच्या अगदी उलट आहे आणि ते अधिक लोकप्रिय आहे. विज्ञान आज सांगते ते सर्व बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे, असे काही वक्ते आवेशाने सांगतात. टाळ्याही पडतात. वेबने मरणाऱ्या ताऱ्याचे चित्र पाठविले, की अनिच्च; दीर्घिकांची टक्कर दिसली, की प्रतीत्यसमुत्पाद. आम्ही हे मान्य करीत नाही. पुराणांत विमाने आणि क्षेपणास्त्रे शोधणाऱ्यांना आपण हसतो. तीच रीत आपण आपल्या ग्रंथांना लावली, तर हसण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. सर्व काही बदलते हे तथागतांनी माणसाच्या दुःखाच्या संदर्भात सांगितले, आणि ते समजण्यासाठी दुर्बिणीची गरज नाही. तारा कसा मरतो, हायड्रोजनचे हेलियम कसे होते, हे शेकडो माणसांनी आकडेमोड करून आणि पाहून शोधले. ज्याचे श्रेय त्याला द्यावे.

खर्च, नाव आणि आडनाव

दहा अब्ज डॉलर म्हणजे ऐंशी हजार कोटी रुपयांहून अधिक. एवढा पैसा गरिबांसाठी का वापरला नाही, असे विचारले जाते. हा पैसा आपला नव्हे, तो वीसहून अधिक वर्षांत मिळून खर्च झाला, ही उत्तरे खरी असली तरी पुरेशी नाहीत. आम्ही प्रश्न वेगळ्या तऱ्हेने मांडू इच्छितो. पंधरा लाख किलोमीटरवरचा आरसा माणसाचा हात न लावता उलगडता येतो, त्या काळात आपल्या शहरांत गटार साफ करण्यासाठी माणूस आत उतरविला जातो आणि गुदमरून मरतो. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेला बंदी करणारा कायदा २०१३ साली झालेला आहे. यंत्रे बाजारात मिळतात. तेव्हा तंत्रज्ञान नाही म्हणून हे घडते असे कोणी म्हणू नये, आणि दुर्बिणीवर पैसा गेला म्हणून घडते असेही नाही. तेथे कोणाचा जीव जातो यावर ते अवलंबून आहे.

याच संदर्भात वेब दुर्बिणीच्या कारभारातील एक पद्धत सांगण्यासारखी आहे. दुर्बीण कोणत्या दिशेला वळवावी हे कोण ठरवितो? जगातील कोणत्याही देशाचा अभ्यासक आपला प्रस्ताव पाठवू शकतो. चौथ्या फेरीत २,३७७ प्रस्ताव आले आणि उपलब्ध वेळेच्या जवळजवळ नऊपट वेळ मागितला गेला. निवड करणाऱ्या समितीला प्रस्तावकाचे नाव सांगितले जात नाही, संस्थेचेही नाही. प्रस्ताव लिहिणाऱ्यानेही आपली ओळख पटेल असा मजकूर घालायचा नाही. ही पद्धत हबल दुर्बिणीसाठी २०१८ साली सुरू झाली. त्याआधी वर्षानुवर्षे पुरुषांचे प्रस्ताव स्त्रियांच्या तुलनेत अधिक प्रमाणात मंजूर होत होते. नावे झाकली त्याच वर्षी स्त्रियांच्या यशाचे प्रमाण प्रथमच पुरुषांपेक्षा किंचित वर गेले: ८.७ टक्के विरुद्ध ८ टक्के. समितीतील माणसे दुष्ट होती असे नाही. नाव दिसले की मनाचा काटा हलतो, आणि हलला हे त्या माणसालाही कळत नाही. वेबसाठी ही रीत पहिल्या फेरीपासून आहे.

आडनाव ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, हे आमच्या पिढीने नोकरीच्या मुलाखतींत आणि खोली भाड्याने घेताना अनुभवले आहे. लेखी परीक्षेत क्रमांक असतो, तोंडी परीक्षेत आडनाव विचारतात. दोन्हींच्या गुणांतली तफावत आपल्या मुलांना पाठ आहे. जगातल्या अत्यंत हुशार समजल्या जाणाऱ्या माणसांनाही स्वतःवर एवढा अविश्वास दाखवावा लागला, ही गोष्ट आरक्षणाच्या वादात 'गुणवत्ता' हा शब्द फेकणाऱ्यांपुढे जरूर ठेवावी.

विद्यार्थ्यांसाठी

वेबने टिपलेली माहिती जास्तीत जास्त वर्षभर प्रस्तावकाकडे राखून ठेवली जाते. पुष्कळशी तर लगेचच सर्वांना खुली होते. ज्याच्याकडे संगणक आणि जोडणी आहे तो ती विनामूल्य उतरवून घेऊ शकतो. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेबच्या निरीक्षणांतूनच एक दूरची दीर्घिका शोधली. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये तिची बातमी आली. विश्वाचे वय केवळ १५० कोटी वर्षे असताना ती आपल्या आकाशगंगेसारखे दोन सुरेख सर्पिल बाहू घेऊन फिरत होती. इतक्या लवकर एवढी घडी बसलेली दीर्घिका असेल असे वाटत नव्हते. तिला त्यांनी अलकनंदा असे नाव दिले. आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात आणि हिमालयात मंदाकिनीची बहीण ती अलकनंदा, म्हणून.

या क्षेत्रात जायचे तर अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय सोडू नयेत. आमच्या मुलांमध्ये गणिताची भीती फार आहे. ती बुद्धीची उणीव नसून बहुधा चौथी-पाचवीत अपूर्णांक नीट न शिकविल्याचा परिणाम असतो. त्यावर संस्थेच्या अभ्यासवर्गात पुन्हा पायापासून सुरुवात करता येते, आणि दहावीतही उशीर झालेला नसतो. वेब दुर्बिणीसाठी केवळ खगोलशास्त्रज्ञ राबले असे नाही. धातू घासणारे, पडद्याचे थर हाताने शिवणारे आणि सांधणारे, शीतयंत्रे बनविणारे, संगणकाच्या आज्ञावली लिहिणारे, असे चौदा देशांतील हजारो लोक होते. आय.टी.आय. आणि डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांनी म्हणूनच हा विषय आपला नव्हे असे समजू नये. उड्डाण इतके अचूक झाले, की दुर्बिणीतील इंधन वीस वर्षांहून अधिक पुरेल असा अंदाज आहे. आज सातवी-आठवीत असलेली मुले शिकून तयार होतील तेव्हाही ती चालू असण्याची शक्यता आहे.

दुर्बीण जवळून पाहायची असेल तर अमेरिकेला जाण्याची गरज नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे जी.एम.आर.टी. ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या तेथे व आसपासच्या पंचवीसेक किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली त्या भारतातच बांधल्या गेल्या. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने तेथे विज्ञान प्रदर्शन भरते, खेड्यापाड्यांतील शाळांची मुले आपापले प्रयोग घेऊन येतात आणि शास्त्रज्ञ स्वतः उभे राहून प्रश्नांची उत्तरे देतात. संस्थेच्या वतीने सहल काढण्याचा आमचा विचार आहे. ज्या विद्यार्थ्यांना यायचे असेल त्यांनी आपले नाव, इयत्ता आणि शास्त्रज्ञांना विचारायचा एक प्रश्न लिहून ग्रंथालयात द्यावा. आडनाव लिहिण्याची आवश्यकता नाही.